म्हातारा, पोरगा आणि पोराचा बाप

मी काही समीक्षक नाही. १९७६ साली दहावी झालो, त्यापुढं जे शिकलो ते ढेकळांत आणि बाजारात. कादंबरीवर लिहायचं तर आधी काय सांगायचं, मागून काय सांगायचं, हे मला ठाऊक नाही. तरी एका पुस्तकाबद्दल लिहायला बसलोय, कारण त्या पुस्तकात माझ्याच घरातली एक लबाडी छापलेली निघाली. ती लबाडी कुणी कुणाशी केली, हे कळायला मला ते पुस्तक तीनदा वाचावं लागलं, आणि मधे एकदा ऐन थंडीत म्हाताऱ्या बापाला घेऊन पाण्यावर जावं लागलं.

पुस्तक लहानसंच आहे. अर्नेस्ट हेमिंग्वे या अमेरिकन लेखकाचं 'द ओल्ड मॅन अँड द सी', १९५२ सालचं. पुढं १९५४ साली त्याला नोबेल मिळालं. मराठीत ते पु. ल. देशपांड्यांनी 'एका कोळियाने' या नावानं आणलं. माझ्या नातीनं कॉलेजच्या लायब्ररीतून आणलं होतं. नाव वाचून मला वाटलं, लहान पोरांचं असेल. आपल्या भाषेत भिंतीवर जाळं विणणारा तो कोळी आणि पाण्यात जाळं टाकणारा तोही कोळीच. पुस्तक वाचून झाल्यावर वाटलं, नाव बरोबर ठेवलंय. दोघांचाही धंदा जाळ्याचा, आणि पडून पुन्हा चढायची खोड दोघांनाही.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. क्यूबा देशात हवानाजवळच्या एका कोळ्यांच्या गावात सांतियागो नावाचा म्हातारा राहतो. ८४ दिवस झाले, त्याला एकही मासा मिळालेला नाही. मनोलिन नावाचा पोरगा पाच वर्षांचा असल्यापासून त्याच्या होडीवर जायचा. पण पहिले ४० दिवस कोरडे गेल्यावर पोराच्या आईबापांनी त्याला तिथून काढलं आणि दुसऱ्या होडीवर लावलं. त्या होडीला पहिल्याच आठवड्यात तीन चांगले मासे मिळाले. ८५ व्या दिवशी म्हातारा एकटाच लांब, खोल पाण्यात जातो. त्याच्या गळाला १८ फुटांचा मासा लागतो, त्याच्या होडीपेक्षा दोन फूट लांब. मासा होडीला ओढत नेतो. तिसऱ्या दिवशी म्हातारा त्याला मारतो, होडीत मावत नाही म्हणून बाहेरून बांधतो, आणि घरी येईस्तोवर शार्क त्याचं मांस खाऊन टाकतात. किनाऱ्याला लागतो तो नुसता सांगाडा.

एवढीच गोष्ट. पण शेतकऱ्याला ती लगेच ओळखू येते. ८४ दिवस हा आकडा शहरातल्या वाचकाला गोष्टीतला वाटेल. आमच्याकडं पाऊस मधेच थांबला की त्याला खंड म्हणतात. वीस दिवसांचा खंड पडला की माणूस आभाळाकडं बघायचं सोडतो आणि शेजाऱ्याच्या तोंडाकडं बघायला लागतो. तरी सकाळी उठून खुरपायला जातोच. हेमिंग्वेला हे कळलंय. त्याचा म्हातारा ८५ व्या दिवशीही दोऱ्या अगदी सरळ सोडतो, प्रत्येक गळ ठरलेल्या खोलीवर. मासा येवो न येवो, काम नीट. दुसऱ्यांच्या दोऱ्या पाण्याबरोबर वाहतात, याच्या नाहीत. मला हे पान मोठ्या माशाच्या लढाईपेक्षा जास्त आवडलं.

दुसरी एक गोष्ट त्यानं अशी लिहिली आहे की मी पुस्तक मांडीवर ठेवून बसलो. म्हातारा समुद्राला बाईमाणूस समजतो. गावातले मोटारीच्या होड्या घेतलेले तरणे कोळी त्याच समुद्राला पुरुष समजतात, स्पर्धा करायची जागा समजतात. आपल्या मराठीत समुद्र 'तो'च आहे, त्यामुळं आपल्याला हे पटकन जाणवत नाही. पण मला आमची भीमा आठवली. उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं, तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. आमचं जुनं गाव, चिंचेची मेर, विहीर, सगळं पाण्याखाली गेलं. त्याआधी तात्या, म्हणजे माझे वडील, नदीला 'ती' म्हणायचे. 'ती आज गढूळ आलीय', 'ती रुसलीय'. धरण झाल्यावर त्यांच्या तोंडचा शब्द बदलला. 'ते पाणी'. 'ते आज वर चढलंय.' चाळीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून त्या पाण्याला 'ती' म्हणलेलं ऐकलं नाही. हे मी इतकी वर्षं ऐकत होतो, पण लक्षात आलं ते क्यूबाच्या म्हाताऱ्यामुळं.

आता या पुस्तकाचं लोक काय करतात तेही सांगतो. आमच्या भागातल्या एका शाळेच्या कार्यक्रमात पाहुण्यांनी याच गोष्टीवर अर्धा तास भाषण केलं. माणूस हरत नसतो, जिद्द सोडू नका, वगैरे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी शेवटची पानं वाचली नसावीत. म्हातारा परत येतो, झोपतो, उठल्यावर पोराला सांगतो की आपण हरलो. स्वतःच्या तोंडानं सांगतो. पोरगा त्याला समजावतो की माशानं तर तुम्हाला हरवलं नाही. म्हातारा म्हणतो, बरोबर, ते नंतर झालं. ज्या माणसाला हरलो म्हणायची लाज वाटत नाही, त्याच्या नावावर आपण 'हरू नका'ची भाषणं ठोकतो. खंडात बसलेल्या शेतकऱ्यापुढं असली भाषणं करणाऱ्यांना मी बरेच पाहिलेत. पुस्तक त्यांच्यापेक्षा खूप शहाणं आहे.

पण मी लिहायला बसलो ते यासाठी नाही. मी बसलो ते जाळ्यासाठी.

पुस्तकाच्या सुरुवातीलाच, संध्याकाळी म्हाताऱ्याच्या झोपडीत, पोरगा विचारतो, जेवायला काय आहे? म्हातारा सांगतो, पिवळा भात आणि मासा आहे, तू खाणार का? पोरगा म्हणतो, मी घरी जेवीन. चूल पेटवून देऊ? नको, मी नंतर पेटवीन, नाहीतर गारच खाईन. मग पोरगा विचारतो, फेकजाळं घेऊन जाऊ का? म्हातारा म्हणतो, ने की. आणि मग लेखक शांतपणे सांगून टाकतो की फेकजाळं नाहीच. ते विकलं, ते पोराला आठवतं. भात नाही, मासाही नाही. हे बोलणं दोघं रोज असंच करतात.

इथं मी पुस्तक मिटलं. दोन दिवस उघडलं नाही.

कारण आमच्या घरातही एक फेकजाळं होतं. तात्यांनी स्वतः विणलेलं, खालच्या कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेलं. आम्ही जातीचे मासेमार नाही, शेतकरी. पण तात्यांना पाण्याचा नाद तरणेपणापासून. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. रेशनचा तांबडा मिलो खाऊन पोट दुखायचं, तेव्हा आटत आलेल्या डोहातून तात्या रात्री मासे आणायचे. त्या वर्षी आम्ही जगलो त्यात त्या जाळ्याचा वाटा आहे.

तात्यांना ८४ वं लागलं होतं, त्या साली दिवाळीच्या पुढं ते एकटेच पाण्यावर गेले, काठाच्या चिखलात घसरले. मेंढरं पाणी पाजायला आणलेल्या एका धनगराच्या पोरानं त्यांना बाहेर काढलं. छातीत कफ झाला. १२ दिवस दवाखाना. घरी आणल्यावर मी त्यांना सांगितलं, आता पाण्याकडं जायचं नाही. ते काही बोलले नाहीत. आठ दिवसांनी मी जाळं खालच्या एका मासेवाल्याला ८०० रुपयांना देऊन टाकलं. तात्यांना सांगितलं नाही.

महिनाभरानं ओट्यावर बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "जाळं माळ्यावर हाय न्हवं?"

मी म्हणालो, "हाय की."

"उंदरं लागत्यात. बघत जा."

"बघतो."

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी हेच. दोन वर्षं. जाळं हाय न्हवं? हाय. उंदरं लागत्यात. बघतो. मी मनात म्हणायचो, म्हाताऱ्याला बरं वाटतंय ना, मग खोटं बोलायला काय जातंय. मी स्वतःला त्या मनोलिनसारखाच समजलो असतो. पण पुस्तक वाचताना मला तसं समजता येईना. पोरगा म्हाताऱ्याला सोडून जातो ते बापाच्या हुकमानं. तो म्हाताऱ्याला तसं सांगतोही, बापानं काढलं म्हणून गेलो, बापाचा तेवढा भरवसा नाही. या बापाला पुस्तकात नाव नाही, चेहरा नाही, घर नाही. तो फक्त नको म्हणतो. मी पहिल्या वाचनातच ओळखलं, या गोष्टीत मी कोण ते. मी तो पोरगा नव्हे. मी पोराचा बाप. भरवसा नसलेला.

म्हणून पौष महिन्यात, २०२३ च्या जानेवारीत, मी तात्यांना म्हणालो, "चला, गळ टाकायला जाऊ."

थंडी अशी होती की गोठ्यातल्या म्हशींच्या पाठीवर दव दिसत होतं. तात्या पहाटे चारलाच तयार. माकडटोपी, त्यावर मफलर, दोन स्वेटर, वर घोंगडी. मी म्हणालो, "ऊन पडू द्या. थंडीत मासा वर येत न्हाई, तुम्हीच सांगता." ते म्हणाले, "मासा न्हाई येत, पर माणसानं जायाला पायजे." शेवटी नऊला निघालो. मोटारसायकलवर मागं बसवलं आणि त्यांच्या उपरण्यानं त्यांना माझ्या कमरेला बांधलं. अडीच किलोमीटरच्या वाटेत दोनदा थांबलो, खोकल्यासाठी.

पाण्यावर वाफ होती. थंडीत हवा पाण्यापेक्षा गार असते, त्यामुळं सकाळी सगळा फुगवटा चुलीवर ठेवल्यासारखा दिसतो. लांब चक्रवाकांचा आवाज येत होता. तात्यांनी जागा निवडायला पाऊण तास घेतला. समोरच्या टेकडीवरचा एकटा लिंब आणि अलीकडची लाईटच्या खांबांची रांग, हे दोन्ही एका ओळीत येईस्तोवर काठाकाठानं चालत राहिले. मग काठी रोवून म्हणाले, "हितनं सरळ चाळीस हात. खाली आपली हीर हाय."

मला वाटलं, भ्रमलेत. पण नाही. त्यांचा हिशोब असा की गारठ्यात उथळ पाणी लवकर थंड पडतं, मासा खोलात जातो, आणि दगडाचं बांधकाम असलं की त्याच्या आडोशाला बसतो. आमच्या विहिरीचा कठडा घडीव दगडाचा होता. त्यात चिलापी ही तर मूळची आफ्रिकेतली, ऊब मागणारी. गार पाण्यात ती सुस्त पडते, तोंडापुढं आमिष आलं तरच घेते. पाण्याखाली गेलेल्या आपल्याच विहिरीवर माणूस ४३ वर्षांनी नेम धरून गळ टाकतोय, हे मी पाहिलं. टाकली मीच. टोकाला वजन म्हणून लोखंडी नट बांधलेली हातदोरी. त्यांचा हात तेवढा उचलत नव्हता.

गळ बांधायलाही त्यांची बोटं वळेनात. डाव्या हाताचा अंगठा गारठून आखडला होता. त्यांनी तो हात डोळ्यांपुढं धरला आणि शिवी दिली. "मेल्या, आजच मरायचं हुतं व्हय तुला?" पुस्तकातल्या म्हाताऱ्याच्या डाव्या हातात गोळा येतो, तेव्हा तोही हाताशी असाच भांडतो. वाचताना मला ते लेखकाचं कसब वाटलं होतं. कसब नाही. म्हातारी माणसं हाताशी असंच बोलतात. हातानं आयुष्यभर ऐकलेलं असतं, म्हणून त्यांना राग येतो.

अकरापर्यंत दोरीला काही नव्हतं. थर्मासमधला चहा झाला. बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी झाली. मग मी त्यांना ही गोष्ट सांगितली, पहिल्यापासून. तात्यांना सहीपुरतं लिहिता यायचं, पण गोष्ट ऐकण्यात पक्के. मी सांगत होतो आणि ते दोरीवरचं बोट न हलवता ऐकत होते. मधेमधे त्यांनी जे बोलले ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण या पुस्तकावरचं याहून चांगलं बोलणं मी ऐकलेलं नाही.

८४ दिवस ऐकल्यावर: "मग खात काय हुता?" मी सांगितलं, पोरगा आणून द्यायचा, हॉटेलवाल्याकडनं. "हां. मग ठीक हाय."

मासा होडीबाहेर बांधला ऐकल्यावर: "मग खानारच की. रगताचा वास सुटला का दुसरं काय हुनार?"

लांब गेला, तीच चूक झाली, असं तो म्हातारा स्वतः म्हणतो, हे ऐकल्यावर बराच वेळ गप्प. मग: "म्हाताऱ्या मानसाला जवळचं दिसत न्हाई, लांबचं दिसतंय. म्हनून जातोय."

मग मी मुद्दाम सांगितलं, पोराच्या बापानं त्याला म्हाताऱ्याबरोबर जायला बंदी केली. बघावं काय म्हणतात. मला वाटलं होतं, मला टोमणा बसेल. बसावा, अशी इच्छाही होती.

तात्या म्हणाले, "त्येचं काय चुकलं? चाळीस दिस पोरगं रिकाम्या हातानं घरी येतंय. त्येच्या घरात चूल न्हाई का? बाप हाय त्यो. बोलनारच."

मी पाण्याकडं बघत राहिलो. थोड्या वेळानं ते दोरीकडंच बघत म्हणाले, "आटशेला दिलंस म्हनं. शिसंच पाचशेचं हुतं त्यात. मला इचारलं आसतंस, तर म्या बाराशेला दिलं आसतं."

त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. जाळं घेणारा दुसऱ्याच आठवड्यात भेटून गेला होता, म्हणे. मी विचारलं, "मग रोज इचारत का हुता, जाळं हाय का म्हणून?"

"तू सांगत हुतास म्हनून," तात्या म्हणाले.

त्यानंतर ऊन चढलं आणि चिलापी लागायला लागली. तळहाताएवढ्या दोन. मग एक मोठं काहीतरी लागलं. शिंगटा असावा, तळ धरून चालत होता. दोरी तात्यांच्या बोटांवरून सरकायला लागली. त्यांनी दोन हात दोरी सोडली, दीड हात ओढली, पुन्हा सोडली. आणि मग दोरी माझ्या हातात दिली. "धर. माझ्यानं न्हाई." पुस्तकातला म्हातारा तीन दिवस एकाच गोष्टीची आस करतो, पोरगा इथं असता तर. त्या आशेचा अर्थ दोरी हातात आल्यावर मला कळला. ती दोरी गार होती, आणि जिथं त्यांची बोटं होती तेवढीच कोमट. मी चार-पाच हात ओढली असेल, तेवढ्यात ढिली पडली. गळ सरळ झाला होता.

"ग्येला," तात्या म्हणाले. "हिरीत ग्येला." आणि हसले.

परत येताना काठावर एकजण पत्र्याच्या होडीतून जाळं काढून मासे निवडत होता. तात्यांनी गाडी थांबवायला लावली. सव्वा किलोचा एक रोहू घेतला, पैसे मला द्यायला लावले, आणि म्हणाले, "घरी सांग, गळाला लागला." घरी बायकोनं मासा हातात घेतला. जाळ्यात अडकलेल्या माशाच्या कल्ल्यामागं सुताचा वळ उठतो. तिनं तो वळ बोटानं चाचपला, माझ्याकडं एकदा पाहिलं, आणि तात्यांना म्हणाली, "मामा, चांगला मोठा लागला की!" तात्या म्हणाले, "हिरीवर हुता."

आता पुस्तकाकडं येतो. हे सगळं झाल्यावर मी ते दुसऱ्यांदा वाचलं. पहिल्या वेळी मला वाटलं होतं की भात आणि जाळ्याचं ते खोटं म्हणजे पोराची दया. म्हाताऱ्याची अब्रू राहावी म्हणून पोरगा विचारतो. बहुतेक वाचक असंच वाचत असतील. आता मला ते उलट दिसलं. उपाशी म्हातारा आहे. भात आहे म्हणून सांगणारा म्हातारा आहे. पोरगा तर त्याला सोडून दुसऱ्या होडीवर गेलेला आहे, त्याच्या मनात ते रुतलेलं आहे. म्हातारा 'घरात भात आहे, जाळं आहे, ने हवं तर' म्हणतो ते पोराला हलकं वाटावं म्हणून. आपण म्हाताऱ्यांना सांभाळतो असं आपल्याला वाटतं. आपल्या लबाडीला जागा मिळावी म्हणून तेच आधी एक लबाडी करून ठेवतात. हेमिंग्वे हे कुठंही समजावून सांगत नाही. फक्त इतकंच लिहितो की हे ते रोज करतात. मोठा लेखक म्हणतात तो याला म्हणत असावेत.

आपल्या मराठी पुस्तकांत मला बाप बरेच भेटले. आनंद यादवांच्या 'झोंबी'तला शाळा सोडायला लावणारा बाप भेटला, त्याला वाचताना अंगावर काटा आला. नरेंद्र जाधवांच्या 'आमचा बाप आन् आम्ही'मधला पोरांना शिकवून उभं करणारा बाप भेटला, त्याला मनात हात जोडले. दोन्ही खरे. पण आपल्या पोराच्या खोट्यात दोन वर्षं शांतपणे राहणारा म्हातारा मला तिकडच्या पुस्तकात भेटला, आणि मग घरी.

पुस्तकात मला दोन उणिवाही दिसतात. लिहायचंच तर त्याही लिहायला पाहिजेत. पहिली, या पुस्तकात चुलीपाशी बाई नाही. म्हाताऱ्याची बायको म्हणजे एक फोटो, तोही भिंतीवरून काढून कपड्याखाली ठेवलेला. शेवटी सांगाड्याकडं बघून भलतंच समजणारी एक प्रवासी बाई येते, ती मोजायची नाही. दोन पुरुष एकमेकांशी खोटं बोलून माया करतात, इथवर ठीक. पण घरात असलं खोटं टिकतं ते तिसऱ्या माणसानं वळ चाचपूनही काही न बोलल्यामुळं. हेमिंग्वेच्या झोपडीत ते माणूस नाही, म्हणून ती झोपडी मला कधीकधी नाटकातली वाटते.

दुसरी उणीव पोराच्या बापाची. शेवटी पोरगा म्हणतो, आता मी तुमच्याबरोबरच येणार. म्हातारा विचारतो, घरचे काय म्हणतील? पोरगा म्हणतो, मला पर्वा नाही. बस. बाप काय म्हणाला, ते नाही. लेखकानं त्याला बाजूलाच ठेवलं, कारण तो लढत नाही, फक्त घर चालवतो. त्याची बाजू कुणी तरी मांडायला हवी होती. ती माझ्या बापानं मांडली, विहिरीवर बसून. आणि मांडताना त्यानं मला मोकळं केलं, हे मला घरी आल्यावर कळलं.

तात्या त्याच वर्षी आषाढात गेले. पाण्याकडं पुन्हा जाणं झालं नाही. दिवस झाल्यावर मी पुस्तक तिसऱ्यांदा वाचलं, या खेपेला फक्त शेवट. म्हातारा पालथा झोपलाय, पोरगा शेजारी बसून त्याच्याकडं बघतोय, म्हाताऱ्याच्या स्वप्नात सिंह आलेत. तरणेपणी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पाहिलेले. तात्यांच्या झोपेत काय यायचं, मी कधी विचारलं नाही. शेवटच्या दिवसांत एकदा झोपेत म्हणाले होते, "ती गढूळ आलीय." 'ती' म्हणाले. मी शेजारीच बसलो होतो.

परवा माझ्या मुलानं मला सांगितलं, "दादा, साठी उलटली, आता एकटं पाण्याकडं जात जाऊ नका." मी म्हणालो, "न्हाई जात." हातदोरी मोटारसायकलच्या डिक्कीत आहे, नट बांधलेली. दर पंधरा दिवसांनी गाडी तोच धुतो.